बेटाटाकिन की कॅनियन डि शे? आई-बाबांना घेऊन नवाहो प्रदेशात जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फिनिक्सहून निघायचं, पेज गावाला अँटेलोप कॅनियन बघायचा, पुढे मॉन्युमेंट व्हॅली आणि मग परत. पेज सोडल्यावर हातात दोन रात्री आहेत. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा: बाबा सत्तरीचे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आई ठणठणीत, शिवाय नऊ वर्षांची मुलगी. नवाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशात कड्याच्या कपारीत बांधलेली जी जुनी गावं आहेत त्यातलं एखादं बघायचंय. बेटाटाकिन, कीट सील आणि कॅनियन डि शे अशी तीन नावं तुम्ही काढलीत. त्यातलं सोपं कुठलं, गाइड लागतोच का, आणि बाकीचे हॉटेलात आराम करत असताना तुम्हाला एकट्याला कीट सीलचा ट्रेक उरकता येईल का, हे विचारलंय.

मी फ्लॅगस्टाफला राहते आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देणं हेच माझं काम आहे. त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सतत समोर येतो. माझ्या मते यातलं 'सोपं कुठलं' हे नंतर बघू. आधी ठरवायचं ते असं, की ती घरं वरून, समोरच्या कड्यावरून बघायची आहेत की खाली दरीच्या तळाशी उभं राहून. त्यावरच गाइड, वेळ, पैसे, गुडघे आणि पाऊस यांची सगळी उत्तरं ठरतात.

आणि एक अपेक्षा आत्ताच काढून टाका. वेरूळ-अजिंठ्याची सवय असलेली आपली मंडळी गृहीत धरतात की लेण्यात जायचं, खांबाला हात लावायचा, आतून वर बघायचं. इथे या तीनही ठिकाणी घरांच्या आत शिरायला मिळेल असं समजून जाऊ नका. आई-बाबांना हे गाडीत बसण्याआधी सांगा, नाहीतर 'एवढ्या लांब आलो आणि नुसतं लांबूनच?' ही कुरकुर दिवसभर ऐकाल. आत जायचाच हट्ट असेल तर कोलोराडोतलं मेसा व्हर्डे आहे, तिथे रेंजरसोबत तिकीट काढून काही घरांत जाता येतं. पण त्यासाठी शिड्या चढाव्या लागतात, आणि ती जागा नवाहो प्रदेशात येत नाही. बाबांच्या गुडघ्याचा विचार करता मी ते सुचवणार नाही.

आता पहिलं ठिकाण. बेटाटाकिन आणि कीट सील ही दोन्ही गावं नवाहो नॅशनल मॉन्युमेंट या एकाच संरक्षित स्मारकात येतात. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ते जाहीर केलं. तिसरं एक आहे, इन्स्क्रिप्शन हाउस, पण ते १९६८ पासून लोकांसाठी बंद आहे, म्हणून ते सोडून द्या. पेजहून ९८ नंबरच्या रस्त्याने निघून १६० ला लागायचं, मग ५६४ वर वळून नऊ मैल वर गेलं की व्हिजिटर सेंटर. सगळं मिळून दीड-पावणेदोन तास. म्हणजे ते तुमच्या वाटेवरच आहे, मुद्दाम वाकडं जावं लागत नाही. प्रवेश फुकट आहे.

सेंटरच्या मागून सँडल ट्रेल नावाची पायवाट निघते. फरसबंदी आहे, जाऊन-येऊन सव्वा मैलाच्या आसपास. तिच्या टोकाशी उभं राहिलं की दरीच्या पलीकडे बेटाटाकिनची कपार दिसते. कपार ४५२ फूट उंच आणि ३७० फूट रुंद आहे, आणि तिच्या तळाशी मातकट रंगाच्या भिंतींची रांग. पहिल्यांदा बघणाऱ्याला गाव लगेच सापडतच नाही, कारण कपार इतकी प्रचंड आहे की त्यात १३५ च्या आसपास खोल्या असूनही त्या कुठेतरी खाली ओळीने मांडून ठेवल्यासारख्या दिसतात. म्हणून दुर्बीण न्याच. मोबाइलचा झूम इथे फार उपयोगी पडत नाही. दुर्बिणीतून बघितलं की भिंतीत घुसवलेले लाकडी वासे, चौकोनी दारं आणि कपारीच्या भिंतीवर रंगवलेलं मोठं पांढरं वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ होपी या दुसऱ्या मूलनिवासी लोकांच्या अग्निकुळाचं चिन्ह मानलं जातं.

सँडल ट्रेलची एक खोच आहे. जाताना उतार आहे आणि येताना चढ, तोही ७३०० फुटांवर. फिनिक्सच्या अकराशे फुटांवरून आलेल्या माणसाला तिथे धाप लागते, गुडघा कितीही चांगला असो. वाटेत बसायला बाकं आहेत. बाबांना सांगा की परतीला घाई नाही, प्रत्येक बाकावर बसायचं. सोबत काठी असू द्या. बाबांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या असतील तर या उंचीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. अगदीच जमणार नाही असं वाटलं तर त्यांना सेंटरवरच बसू द्या. तिथे जुनी भांडी आणि माहितीची मांडणी आहे, मागे होगान, म्हणजे नवाहो पद्धतीचं घर, उभं केलेलं आहे. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलं असेल आणि घरी रोज फिरायला जात असतील तर बहुतेकांना ही वाट जमते.

बेटाटाकिनच्या जवळ जायचं असेल तर रेंजरबरोबरच जावं लागतं. त्या वाटेने सातशे फूट उतरायचं आणि तितकंच परत चढायचं, एकूण पाच मैल, तीन ते पाच तास. खाली ॲस्पनच्या झाडांचं बन आहे, उन्हाळ्यातही थंडावा असतो. तिथवर गेलात तरी कपारीत जाऊ देत नाहीत, वरून दगड सुटतात म्हणून. या सफरी सहसा उन्हाळ्यातच असतात, त्यांचे दिवस दरवर्षी बदलतात, आणि करोनाच्या काळात त्या बंदही होत्या. म्हणून कुठल्याही जुन्या लेखातल्या वेळेवर विसंबू नका. निघायच्या आधी आठवड्यात फोन करून विचारा.

कीट सीलबद्दल तुम्हाला स्पष्टच सांगते: या सहलीत नको. सतरा मैल जाऊन-येऊन, हजार फूट उतार, ओढ्याच्या पाण्यातून पुन्हा पुन्हा जाणारी वाट, पाय रुतणारी वाळू, जुलैचं ऊन. ओढ्याचं पाणी प्यायचं नाही, वर गुरं चरतात. माणशी किमान गॅलनभर पाणी पाठीवर न्यायचं. परमिट लागतो, रोज जाणाऱ्यांची संख्या मर्यादित असते, आणि निघण्याआधी माहितीचं सत्र सक्तीचं असतं. 'बाकीचे आराम करतायत तोवर उरकून येतो' अशी ती गोष्ट नाही. ती एक वेगळी सहल आहे, मित्रांबरोबर, मुक्काम करून करायची. ती घरं तीनही ठिकाणांत सर्वांत धडधाकट उरली आहेत, त्यामुळे मोह मी समजू शकते.

आता कॅनियन डि शे. लिहितात चेली, म्हणतात शे. चिन्ले गावाला लागून आहे, मॉन्युमेंट व्हॅलीजवळच्या कायेंटा गावाहून १६० आणि १९१ नंबरच्या रस्त्यांनी दीड तासाच्या आसपास. हे स्मारक १९३१ चं. नॅशनल पार्क सर्व्हिस इथे काम करते, पण सगळी जमीन नवाहो लोकांची आहे आणि दरीत आजही काही कुटुंबांची शेतं आणि घरं आहेत. उन्हाळ्यात माणसं खाली राहायला येतात, मका लावतात, मेंढ्या चारतात. म्हणून दरीच्या तळाशी जायचं तर मान्यताप्राप्त नवाहो गाइड सक्तीचा. पूर्वी कड्यावरून व्हाइट हाउस या अवशेषांपर्यंत जाणारी एक पायवाट गाइडशिवाय उतरता यायची. ती २०२० मध्ये बंद झाली. इंटरनेटवर अजून शेकडो जण 'फुकटात खाली जा' असं सांगतात, त्यावर जाऊ नका.

गंमत अशी की नकाशावर लांबचं आणि अवघड वाटणारं हे ठिकाणच गुडघ्यांना जास्त सोपं आहे. कारण इथे गाइडची गाडी नदीच्या पात्रातूनच तुम्हाला भिंतींच्या पायथ्याशी नेते. उतरायचं, कुंपणापर्यंत थोडं चालायचं, परत चढायचं. बेटाटाकिनला जे बाबांना पलीकडच्या कड्यावरून दुर्बिणीने बघावं लागेल, ते इथे मान वर करून दिसेल.

व्हाइट हाउसजवळ उभं राहिलात की काय बघायचं ते सांगते, कारण पहिल्यांदा आलेले बहुतेक लोक फोटो काढून पाच मिनिटांत फिरतात. दोन भाग आहेत. एक दरीच्या तळाशी, आता ढासळलेला. दुसरा त्याच्या वर, कड्याच्या फटीत बसवलेला. आज वरच्या भागाकडे जायला काहीच दिसत नाही. खालची इमारत एकेकाळी इतक्या मजल्यांची होती की तिच्या गच्चीवरून वरच्या घरात शिडी लावता यायची. वरच्या मधल्या भिंतीवर पांढरा गिलावा आहे, त्यावरूनच नाव पडलं. त्याच्याही वर शेकडो फूट लाल वाळूचा दगड गुळगुळीत सरळ गेलाय आणि त्यावरून काळे ओघळ खाली आलेत. पावसाचं पाणी जिथून उतरतं तिथे खडकावर हा काळपट थर चढतो. मुलीला ते ओघळ मोजायला लावा, तोवर आजी-आजोबांना निवांत बघता येईल.

गाडीबद्दल आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: पायरी किती उंच आहे, पुढची सीट बाबांना मिळेल का, आणि गाडी बंदिस्त आहे की उघडी. वाळू, पाणी, खड्डे यातून गाडी हिंदकळते. गुडघ्याला त्याचा त्रास होत नाही, कमरेला होतो. आईंची कंबर अधूनमधून धरत असेल तर तासन्‌तासांची सफर टाळा. व्हाइट हाउसपर्यंतची तीन-एक तासांची पुरते. उघड्या गाडीत धूळ खूप, ओढणी किंवा रुमाल ठेवा. निघण्याआधी व्हिजिटर सेंटरमधलं स्वच्छतागृह वापरून घ्या. गाइडला टिप रोख द्या, आणि खाली दागिने किंवा मातीची भांडी विकायला कुणी बसलं असेल तर त्यांच्यासाठीही थोडे सुटे पैसे असू द्या.

गाइड नको असेल, किंवा पाण्यामुळे सफर रद्द झाली, तर वरचे रस्ते आहेत. दक्षिण कडा आणि उत्तर कडा, दोन्हीकडे पक्का रस्ता आणि ठिकठिकाणी पॉइंट. सकाळी उत्तरेकडचे, दुपारनंतर दक्षिणेकडचे, म्हणजे ऊन बरोबर पडतं. वेळ कमी असेल तर दक्षिणेचा रस्ता निवडा, शेवटी स्पायडर रॉक आहे: दरीच्या तळातून सरळ उभा असलेला साडेसातशे फुटांचा सुळका. नवाहो कथेप्रमाणे विणकाम शिकवणारी कोळी-आजी तिथे राहते. मुलीला ही गोष्ट आधी सांगून ठेवली तर शेवटच्या पॉइंटपर्यंत ती कंटाळत नाही. उत्तर कड्यावर १८०५ साली स्पॅनिश सैन्याने नवाहो बायका-मुलं-म्हाताऱ्यांना मारलं त्या गुहेचा पॉइंट आहे. ती जागा नऊ वर्षांच्या मुलीला कशी आणि किती सांगायची हे तुमचं तुम्ही ठरवा. पॉइंटवर गाडी सोडताना काचेतून पर्स किंवा लॅपटॉप दिसता कामा नये.

इथे थोडं थांबून एका गैरसमजाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय गाइडशी बोलणं नीट होत नाही. ही कपारीतली घरं नवाहो लोकांनी बांधलेली नाहीत. ती बांधणारे लोक आजच्या होपी, झुनी आणि इतर प्यूब्लो लोकांचे पूर्वज. नवाहो लोक या प्रदेशात त्यांच्यानंतरचे. परंपरा पाळणारे नवाहो मेलेल्यांच्या जागेपासून दूर राहतात; कित्येक गाइड भिंतींपासून मुद्दाम अंतर ठेवतात. त्यांना 'तुमच्या पूर्वजांनी हे कसं बांधलं?' असं विचारलंत तर ते सभ्यपणे काहीतरी सांगतील, पण तुमच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल विचारा: दरीत तुमची शेती आहे का, लहानपणी उन्हाळा इथे काढलात का. मग बोलणं खुलतं. १८६४ मध्ये किट कार्सन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या सैन्याने या दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या, लोकांना पकडून तीनशे मैलांहून दूर न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या छावणीत चालवत नेलं, आणि १८६८ च्या करारानंतर ते परत आले. गाइडच्या तोंडून ही गोष्ट घरातल्या माणसांची म्हणून येते. काही गोष्टी ते फक्त हिवाळ्यातच सांगतात; उन्हाळ्यात कोल्ह्याच्या कथा सांगा म्हणून आग्रह धरू नका.

बेटाटाकिनबद्दल मला स्वतःला सर्वांत जास्त आवडतो तो वाशांचा हिशेब. कोरड्या हवेत लाकूड टिकतं, आणि लाकडाच्या आतल्या वर्तुळांवरून झाड नेमकं कुठल्या साली तोडलं ते कळतं. त्यावरून असं दिसतं की १२६७ च्या सुमाराला इथे थोडी घरं उभी राहिली. मग १२६९ मध्ये आणि पुन्हा १२७२ मध्ये बरेच वासे तोडले गेले, पण ते लगेच वापरले नाहीत, रचून ठेवले. ते बसवले गेले १२७५ मध्ये, जेव्हा मोठा गट राहायला आला. म्हणजे कुणीतरी पुढे येऊन जागा बघितली, लाकूड तयार ठेवलं, आणि मग माणसं आली. एवढी तयारी करून वसवलेलं गाव १३०० पर्यंत रिकामं झालं. १२७६ पासून शतक संपेपर्यंत मोठा दुष्काळ होता, शेतं वाहून जात होती. तिथून निघालेल्यांचे वंशज आजचे काही होपी लोक. हे सगळं आई-बाबांना त्या कठड्याजवळ उभं असतानाच सांगा, गाडीत नको. समोर वासे दिसत असताना त्याला अर्थ येतो.

कपार का तयार झाली हेही मुलगी विचारेल. वरचा वाळूचा दगड पाणी झिरपू देतो, खालचा थर झिरपू देत नाही. पाणी त्या सांध्यातून बाहेर येतं, हिवाळ्यात गोठतं, दगड फोडतं, आणि वर्षानुवर्षं कमानीच्या आकाराचे तुकडे पडत राहतात. पाण्याचा झरा आणि डोक्यावर छप्पर, दोन्ही एकाच जागी. शिवाय बेटाटाकिनची कपार दक्षिणेला तोंड करून आहे: हिवाळ्यात तिरपं येणारं ऊन आत शिरतं, उन्हाळ्यात सावली राहते.

जुलै अखेर म्हणजे इथला पावसाळा. हा आपल्यासारखा दिवसभर लागून राहणारा पाऊस नसतो. सकाळ निरभ्र, दुपारी दोन-तीननंतर ढग, गडगडाट, आणि कुठेतरी दूर पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या पात्रातून अचानक येतो. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतानाही येतो. म्हणून दरीतली सफर सकाळचीच घ्या, आणि गाइडने 'आज नको' म्हटलं तर हुज्जत घालू नका. वीज चमकायला लागली की सँडल ट्रेलच्या टोकाशी किंवा स्पायडर रॉकच्या कठड्याशी थांबायचं नाही, गाडीत बसायचं. पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी घालायची नाही, किती का उथळ दिसेना.

घड्याळाचं एक लफडं आहे आणि त्यात दरवर्षी कुणीतरी अडकतं. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नवाहो प्रदेश करतो, आणि त्याच्या पोटात असलेला होपी प्रदेश पुन्हा करत नाही. म्हणजे फिनिक्स आणि पेजला सकाळचे आठ, तेव्हा कायेंटा, चिन्ले आणि मॉन्युमेंट व्हॅलीत नऊ. अँटेलोप कॅनियनची जमीन नवाहो लोकांचीच, पण तिथल्या सफरी पेजच्या वेळेने चालतात. मोबाइल कुठल्या टॉवरला जोडला जाईल त्याप्रमाणे स्वतःच वेळ बदलतो, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. मनगटी घड्याळ लावा, आणि बुकिंग करताना प्रत्येक ठिकाणी 'तुमची वेळ कुठली?' हे विचारून लिहून घ्या. एका कुटुंबाची सकाळची दरीतली सफर अशीच हुकली. ते तासभर लवकर पोचलोय समजून नाश्ता करत बसले होते.

तुमच्या दोन रात्री मी अशा बसवेन. पहिल्या दिवशी पेजला अँटेलोप कॅनियन लवकरात लवकरच्या वेळेचा घ्या. तिथून सरळ नवाहो नॅशनल मॉन्युमेंट. तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपार झालेली असेल, म्हणून आधी आकाश बघा. ढग नसतील तर सँडल ट्रेल, असतील तर आधी सेंटर आणि जेवण, मग ट्रेल. संध्याकाळी कायेंटाला मुक्काम, आणि उजेड असेपर्यंत मॉन्युमेंट व्हॅली. तिथे सेंटरच्या गच्चीवरून तिथले तीन प्रसिद्ध सुळके दिसतात. खालचा सतरा मैलांचा कच्चा रस्ता तुमच्या भाड्याच्या गाडीने आणि कमरांनी टाळावा असं माझं मत आहे. बरेच जण असहमत असतात, असोत. दुसऱ्या दिवशी सकाळी कायेंटाहून चिन्ले, दुपारनंतर दक्षिण कड्याचे पॉइंट, रात्री चिन्लेत. तिसऱ्या दिवशी सकाळी गाइडबरोबर दरी, आणि मग फिनिक्सकडे, पाच-साडेपाच तास. वाटेत गनाडोला हबल ट्रेडिंग पोस्ट आहे, १८७८ पासूनचं दुकान, अजून चालू. आईंना हातमागावरच्या नवाहो चादरी बघायला तिथे थांबवा. किमती ऐकून दचकायला नको म्हणून आधी सांगून ठेवा.

एकच रात्र मिळाली तर? मॉन्युमेंट व्हॅली आधीच ठरलेली असेल तर बेटाटाकिन. ती नसली तरी चालणार असेल तर ती रात्र चिन्लेला काढणं मला जास्त पटतं. आणि आईंची कंबर खरंच नाजूक असेल तर गाडीची सफर सोडून फक्त कड्यावरचे पॉइंट करा, त्यात कमीपणा नाही.

बुकिंगचं म्हणाल तर कायेंटा आणि चिन्लेत हॉटेलं मोजकी आहेत आणि उन्हाळ्यात भरतात, म्हणून आधी खोल्या, मग गाइड. मान्यताप्राप्त गाइडांची यादी कॅनियन डि शेच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. रस्त्यात हात करणाऱ्याबरोबर जाऊ नका, त्याच्याकडे परवाना नसेल तर अडचणीत तुम्हीही येता. पेट्रोल कायेंटात आणि चिन्लेत भरून घ्या, टाकी अर्धी झाली की भरायची अशी सवय ठेवा. रात्री गाडी चालवू नका, गुरं आणि घोडे रस्त्यावर मोकळे फिरतात आणि काळ्या घोड्यावर हेडलाइटचा उजेड पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. मोबाइलला रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या.

नवाहो प्रदेशात दारू बाळगायलाही बंदी आहे, गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटलीसुद्धा. ड्रोन नको. माणसांचे, घरांचे, जनावरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि जमिनीवरचं काहीही उचलायचं नाही: खापराचा रंगीत तुकडा, मक्याचं वाळलेलं कणीस, छानसा दगड. १९७९ च्या कायद्याने जुन्या वस्तू उचलणं हा गुन्हा आहे. आपल्या आया प्रवासातून खडे गोळा करून आणतात आणि तुळशीच्या कुंडीत ठेवतात, म्हणून हे खास आईंना सांगा. मुलीला मात्र आवडेल तो तुकडा होता तिथेच ठेवून त्याचं चित्र काढायला सांगा, वही न्या.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई-बाबा शाकाहारी असतील तर विचार करून ठेवा. चिन्ले आणि कायेंटा दोन्हीकडे मोठं किराणा दुकान आहे. दही, फळं, ब्रेड, टोमॅटो, काकडी सगळं मिळतं. हॉटेलांत मेंढीच्या मटणाचा रस्सा आणि तळलेली फ्राय ब्रेड मिळते. फ्राय ब्रेड कशात तळलीय ते विचारा, चरबीत असू शकते. निळ्या मक्याची लापशी मिळाली तर नक्की घ्या, ती बाबांनाही चालेल. माझ्या ओळखीची बरीच कुटुंबं थेपले, मेतकूट आणि इलेक्ट्रिक कुकर घेऊन निघतात, आणि चिन्लेला रात्री खोलीत गरम भात करतात. तसं करणार असाल तर खोलीत कुकर चालतो का ते हॉटेलला आधी विचारा, काही ठिकाणी चालत नाही.